क्रोनेब्रीन प्रकल्प नोंदी: फेब्रुवारी ते नोव्हेंबर

१२ फेब्रुवारी, पुणे

हिमनदीवर उभारायच्या हवामान केंद्राचं पॉवर बजेट आज एकदाचं बसलं. वाचनं साठवणारा लॉगर, तापमान-आर्द्रता, वारा, दाब, रेडिएशन, बर्फाची उंची मोजणारा सोनिक सेन्सर आणि दिवसातून एकदा बोलणारा सॅटेलाइट मोडेम, सगळं मिळून सरासरी ४० मिलिअँपिअर खातं, म्हणजे दिवसाला साधारण १ अँपिअर-अवर. आकडा छोटा वाटतो, पण आम्ही जाणार त्या आर्क्टिकमधल्या न्यू-ओलेसुंद गावाला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मावळला की फेब्रुवारीच्या मध्यानंतरच उगवतो, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे काही आठवडे तो क्षितिजाला इतका चिकटून असतो की सोलर पॅनलला काही मिळत नाही. म्हणून हिशोब १५० दिवसांचा धरला. १५० अँपिअर-अवर लागणार, थंडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी हातात साठेक टक्केच देते, आणि ती पूर्ण उतरू द्यायची नाही, कारण उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पातळ होतं, ते गोठलं की केस फुटते. म्हणून १०० च्या तीन बॅटऱ्या. एकेक जवळपास ३० किलोची.

लिथियम का नाही असं सरांनी विचारलं. शून्याच्या खाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होते, आणि आपलं चार्जिंग मार्च-एप्रिलमध्ये नेमकं शून्याच्या खालीच होणार. वजन परवडलं पण हे नाही.

प्रकल्प काय आहे ते एकदा लिहून ठेवते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावर काँग्सफियॉर्ड ही चिंचोळी खाडी (फियॉर्ड), त्याच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रीन ही हिमनदी समुद्रात उतरते, स्वालबार्डमधल्या वेगवान हिमनद्यांपैकी एक, उन्हाळ्यात तोंडाशी दिवसाला दोन-तीन मीटर सरकते. तिचा कडा कधी कोसळतो, किती कोसळतो आणि त्या वेळी हवा आणि पाणी काय करत होतं, हे सगळं एका घड्याळावर आणायचं. सध्या प्रत्येकाकडे आपापला तुकडा आहे, हवामानवाल्यांकडे हवामान, कॅमेरावाल्यांकडे फोटो, भूकंपवाल्यांकडे कंप.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालू राहिलं पाहिजे. २०१५ मध्ये स्वालबार्डच्या तीन हिमनद्यांवरचा एक अभ्यास आला होता, क्रोनेब्रीन त्यात आहे, त्यांनी दाखवलं की तोंडाशी बर्फ किती वेगाने जातो ते हवेपेक्षा २० ते ६० मीटर खोलीवरच्या पाण्याच्या तापमानाशी जास्त जुळतं. खोलीवरचं पाणी हवेच्या मागून, उशिरा तापतं, म्हणून बर्फ सगळ्यात जास्त शरद ऋतूत सुटतो, तेव्हा हवा गार व्हायला लागलेली असते आणि आमच्यासारखे बहुतेक सगळे ऑगस्टमध्ये सामान आवरून घरी आलेले असतात. माणसं असतात तेव्हा कमी घडतं, माणसं नसतात तेव्हा जास्त. या प्रकल्पातली सगळी उपकरणं मी त्या नसण्याच्या काळासाठी निवडतेय, उन्हाळा तर कसाही निघतो.

२६ फेब्रुवारी, गोवा

वास्कोला आलोय. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र इथे हेडलँड सडावर आहे, आर्क्टिकला जाणारे सगळे भारतीय प्रकल्प यांच्यामार्फत जातात. बाहेर घाम आणि आत कोल्ड रूममध्ये उणे २०, दर तासाला जॅकेट घाल-काढ.

केबलचा निकाल लागला. साध्या पीव्हीसी आवरणाची केबल उणे २० ला वाकवली की तडे जातात, पॉलियुरेथेनवाली वाकते. सगळ्या केबल बदलायच्या. कनेक्टर हातमोजे घालून लागले पाहिजेत, नसतील लागत तर तो कनेक्टर बाद.

घड्याळाचं काम मात्र आज दिवसभर पुरलं. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ साध्या क्वार्ट्झवर चालतं, त्या छोट्या क्रिस्टलचा स्वभाव असा की २५ अंशाला तो बरोबर असतो आणि तिथून गरम होवो की गार, तो मागेच पडतो, आणि फरकाच्या वर्गाने पडतो. उणे २० ला हिशोब केला तर दिवसाला जवळपास ६ सेकंद, शून्याला दिवसाला पावणेदोन-दोन सेकंद. कोल्ड रूममधला कॅमेरा आणि बाहेरचा जीपीएस यांची तुलना केली तर साधारण हेच निघालं. तीन महिन्यांत अडीच-तीन मिनिटं झाली की! क्रोनेब्रीनवर गजबजलेल्या दिवशी तीन मिनिटांत दोन-तीन वेगवेगळे तुकडे पडू शकतात, मग फोटोतला कुठला आणि कंपातला कुठला हे ठरवायचं कसं. तर कॅमेऱ्याला त्याच्या स्वतःच्या घड्याळावर सोडायचं नाही, जीपीएस लावलेला वेगळा कंट्रोलर फोटोचा ट्रिगर देणार आणि वेळ तोच लिहून ठेवणार. १२ व्होल्टवरून कॅमेऱ्याला वीज देणारी डमी बॅटरी पण बसवली.

९ एप्रिल, न्यू-ओलेसुंद

पोचलो. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयिअरब्येन, तिथून डॉर्निअर २२८ विमान, अर्धा तास लागत नाही. याच जातीचं विमान आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते, नेव्ही आणि कोस्ट गार्ड वापरतात.

गाव म्हणजे जुनी कोळशाची वसाहत, १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली आणि खाण कायमची बंद पडली, आता सगळं संशोधनच. हिवाळ्यात तीस-पस्तीस लोक राहतात, उन्हाळ्यात शंभरावर. आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र इथे २००८ पासून आहे, बाकी नॉर्वे, जर्मनी-फ्रान्स, इटली, चीन, कोरिया, जपान, सगळे शेजारी, आणि जेवण एकाच मेसमध्ये. कुठल्याही इमारतीत शिरताना बूट काढायचे, ही खाणकामगारांच्या काळची रीत अजून पाळतात, आपल्याला तर सवयच आहे.

इथली खरी अडचण म्हणजे रेडिओ शांतता. गावात नॉर्वेची मोठी जिओडेटिक वेधशाळा आहे, ती अतिदूरच्या, क्वेसार नावाच्या आकाशातल्या स्रोतांचे रेडिओ सिग्नल पकडून पृथ्वीचं फिरणं मोजते, म्हणून २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये काहीही प्रक्षेपित करायचं नाही. वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, फोन फ्लाइट मोडवर. आजकालचे बरेच सेन्सर ब्लूटूथवरून सेटिंग करायला सांगतात, ते आम्ही घेतलेच नव्हते, सगळं केबलने. आपला सॅटेलाइट मोडेम इरिडियमचा आहे, तो १.६ गिगाहर्ट्झवर बोलतो म्हणजे त्या पट्ट्याच्या खाली, तरी परवानगी वेगळी काढावी लागली आणि ती आधीच काढलेली बरी. गव्हर्नरच्या ऑफिसची परवानगी आणि रिसर्च इन स्वालबार्डमधली नोंदणी पण हिवाळ्यातच केली होती.

उद्या रायफल ट्रेनिंग. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलासाठी रायफल, फ्लेअर गन आणि रेडिओ सोबत पाहिजेच, आणि हे शिकल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.

१४ एप्रिल

हवामान केंद्र उभं राहिलं!

जागा काँग्सव्हेगेनच्या खालच्या भागात. क्रोनेब्रीनवर का नाही तर तिथे तोंडाजवळ नुसत्या भेगा, माणूसच काय तिपाई पण टिकणार नाही. काँग्सव्हेगेन ही तिला लागूनच उतरते पण तुलनेत फार संथ, १९४८ च्या सुमारास एकदा सर्ज होऊन, म्हणजे अचानक वेग घेऊन, पुढे आली होती. बर्फ असेपर्यंत स्नोमोबाईल आणि मागे स्लेज जाते, म्हणून ९० किलो बॅटऱ्या एप्रिलमध्येच न्यायच्या हे आधीच ठरलं होतं, जुलैत त्या पाठीवर न्याव्या लागल्या असत्या.

खांब बर्फात ड्रिल करून पुरायचा की तिपाई नुसती ठेवायची यावर चेन्नईच्या सहकाऱ्याचं आणि माझं बराच वेळ चाललं. ग्रीनलंडमध्ये दोन्ही प्रकार आहेत. वर जिथे बर्फ साठतो तिथे हवामान केंद्रांच्या जुन्या जाळ्याचे खांब पुरलेले, आणि कडेच्या वितळणाऱ्या पट्ट्यात डेन्मार्कवाल्यांच्या तिपाया बर्फावर नुसत्या उभ्या, बर्फ वितळला की त्या पण त्याच्यासोबत खाली येतात. आपली जागा वितळणारी आहे, पुरलेला खांब उन्हाळ्यात उघडा पडत जाईल आणि वाऱ्याने डुलेल, सेन्सरची उंची पण रोज बदलेल. तिपाईच घेतली. तिचा तोटा म्हणजे एक पाय जास्त बुडाला की ती कलते आणि कललेला रेडिएशन सेन्सर चुकीचं ऊन मोजतो. म्हणून दोन दिशांचा कल मोजणारा सेन्सर जोडलाय, त्यावरून नंतर दुरुस्ती करता येते. बॅटऱ्यांची पेटी तिपाईच्या मध्ये लटकवली, वजनाने तिपाई घट्ट बसते.

सोनिक सेन्सर खाली आवाज सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून बर्फाचं अंतर काढतो, पण आवाजाचा वेग तापमानावर, म्हणून लॉगरमध्येच तापमानाची दुरुस्ती टाकली. वाऱ्यासाठी साधा पंख्याचा सेन्सर, त्याच्यात हीटर नाही. हीटर असलेला चांगला असता, पण एका हीटरला बाकीच्या सगळ्यांच्या कितीतरी पट वीज लागते, अंधारात पाच महिने कुठून आणायची. बर्फ धरणार हे गृहीत धरून डेटामध्ये ते ओळखायचं.

दोराने एकमेकांना बांधूनच काम केलं, तपासलेली जागा होती तरी. ग्रीनलंडचं ते जुनं जाळं ज्यांनी उभं केलं, १९९० पासून स्विस कॅम्प चालवला, ते कॉनराड स्टेफन २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच कॅम्पजवळ पाण्याने भरलेल्या भेगेत पडून गेले. इतकी वर्षं ज्या जागेवर काम केलं ती जागाच बदलत होती. आज काम करताना ते सारखं मनात होतं.

१६ एप्रिल

पुण्याहून मेसेज, पहिलं पॅकेट आलं. इरिडियमच्या एका छोट्या मेसेजमध्ये ३४० बाइट जातात, त्यात दिवसाचे आठ वेळचे वाचन, बॅटरी व्होल्टेज, कल, पेटीतलं तापमान सगळं बायनरीत कोंबलंय. इरिडियमचे उपग्रह ध्रुवावरूनच जात असतात त्यामुळे रेंजची अडचण इथे उलट कमी. पूर्ण डेटा कार्डावर, तो पुढच्या वर्षी हाताने आणायचा.

१९ जून, पुणे

हवामान केंद्र ठीक. वितळायला सुरुवात झालीय, सोनिक सेन्सरचं अंतर वाढत चाललंय, कल वाढतोय पण मर्यादेत. न्यू-ओलेसुंदला जर्मन-फ्रेंच स्टेशनवरून रोज हवामानाचा फुगा सोडतात, त्याच्याशी दाब आणि तापमान ताडून पाहिलं. दाब छान जुळतो. तापमानात फरक दिसतो तो वितळणाऱ्या बर्फावरच्या गार हवेच्या थराचा आहे, सेन्सरचा दोष नाही, बर्फाचा पृष्ठभाग शून्याच्या वर जाऊच शकत नाही त्यामुळे त्याला चिकटलेली हवा पण फार तापत नाही. वारा बहुतेक वेळ आग्नेयेकडून, हिमनद्यांवरून फियॉर्डमध्ये घसरणारा.

११ जुलै, न्यू-ओलेसुंद

परत आलोय, आता चोवीस तास ऊन. आर्क्टिक टर्न पक्षी गावातच रस्त्याच्या कडेला घरटी करतात आणि जवळून गेलं की डोक्यावर चोच मारतात, म्हणून इथे सगळे डोक्याच्या वर काठी धरून चालतात, पक्षी सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जाणारे पक्षी आहेत, त्यांनी रागवावं.

कॅमेऱ्याची जागा बोटीतून पाहून आलो. क्रोनेब्रीनच्या तोंडासमोर तिरक्या कोनात, फियॉर्डच्या कडेच्या खडकाळ सोंडेवर, तोंडापासून साधारण ४ किलोमीटर. २४ मिलिमीटर लेन्स आणि सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर त्या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे ६५-७० सेंटिमीटर, घराएवढा तुकडा पडला तर तो बऱ्यापैकी मोजता येईल, लहान ढासळ निसटणार. जवळ जाता आलं असतं पण कडा पडला की लाट उठते आणि किनाऱ्यावर चढते, शिवाय पाण्याखालून सुटलेला बर्फ अचानक वर उसळतो, त्याला काही वॉर्निंग नसते. बोट लांबच ठेवायची हा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

हिमनदीच्या तोंडाशी एका ठिकाणी पाणी चॉकलेटी रंगाचं उसळत होतं आणि त्याच्यावर किटिवेक पक्ष्यांचा थवाच्या थवा. वर वितळलेलं पाणी बर्फाच्या तळातून वाहत येतं आणि समुद्राच्या तळाशी बाहेर पडतं, गोडं असल्यामुळे हलकं, म्हणून ते वर उसळतं आणि येताना खालचं कोमट खारं पाणी आणि त्यातले जीव ओढून आणतं. पक्ष्यांची मेजवानी होते पण तेच कोमट पाणी बर्फाच्या पायाला घासत वर येतं आणि पाया आतून कोरतं. वरचा कडा मग टेकूशिवाय लोंबतो आणि कोसळतो. आम्ही वरून पाहतो ते कोसळणं म्हणजे शेवटची पायरी. क्रोनेब्रीनवरच कंप आणि लिडार (लेसरने अंतर मोजणारं उपकरण) एकत्र लावून केलेला एक अभ्यास आहे, त्यानुसार तोंडाशी जाणाऱ्या बर्फापैकी पाण्यावरच्या कड्याचं कोसळणं एक तृतीयांशाहून कमी भरतं. बाकीचं पाण्याखाली, निमूट विरघळतं. म्हणजे कॅमेरा कितीही चांगला लावला तरी तो गोष्टीचा छोटा भागच पाहतो, हे सरांना मी पहिल्या मीटिंगपासून सांगतेय आणि म्हणूनच पाण्यात सेन्सर लावलेली दोरी सोडायचा मी हट्ट धरला होता.

१३ जुलै

कॅमेरा बसला. तिपाईला दगडांचा ढीग, तारांनी चारी बाजूंनी ताण, पेटीत सिलिका जेल, काचेच्या समोर छोटं छप्पर. केबल लोखंडी पाइपमधून नेली, कोल्हे चावतात म्हणून. दर १० मिनिटांना एक फोटो म्हणजे दिवसाला १४४, एक ८ एमबीचा धरला तर दिवसाला सव्वा जीबीच्या आत, १२८ जीबीचं कार्ड ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत जेमतेम पुरतं. तोपर्यंत अंधार होणारच.

समोरच्या खडकांवरच्या खुणा जीपीएसने मोजून घेतल्या, म्हणजे फोटोतला पिक्सेल नकाशावर कुठे बसतो ते काढता येईल. कॅमेरा वाऱ्याने थोडा जरी हलला तरी स्थिर खडक फ्रेममध्ये असल्यामुळे दुरुस्त होतं, त्यामुळे फ्रेमचा एक कोपरा मुद्दाम खडकाला दिलाय, फोटो सुंदर येत नाही पण चालेल.

१७ जुलै

आज दोरी टाकली. खाली नांगर, त्यावर ध्वनीने सुटणारं हुक, मग पाण्याखालचा मायक्रोफोन, आणि ६०, ४० आणि २० मीटर खोलीवर तापमान-क्षारतेचे सेन्सर, वर तरंगी. सगळ्यात वरची तरंगीसुद्धा पृष्ठभागापासून खाली ठेवलीय, कारण हिमखंडाचा मोठा भाग पाण्याखाली असतो आणि तो वाहत आला तर दोरी ओढून नेईल. धोका तरी राहतोच. जागा निवडताना नॉर्वेवाल्या बोटचालकांनी, जे इथे वर्षानुवर्षं राहतात, कुठून हिमखंड वाहतात ते बोटाने दाखवलं, त्याची किंमत कुठल्याही चार्टपेक्षा जास्त.

आपल्याकडे याच फियॉर्डमध्ये इंडआर्क आहे, २०१४ च्या जुलैत १९२ मीटर खोलीवर टाकलेली भारताची पहिली आर्क्टिक मूरिंग (अशीच नांगरलेली, सेन्सर लावलेली दोरी), चेन्नईच्या आणि गोव्याच्या संस्थांनी मिळून केलेली. ती फियॉर्डच्या मधल्या भागात आहे आणि अटलांटिकचं कोमट पाणी आत कधी शिरतं ते सांगते, आपली दोरी ते पाणी हिमनदीच्या तोंडापर्यंत पोचलं का ते सांगेल. दोन्ही मिळून पाण्याचा प्रवास धरता यावा हा माझा अगदी आवडता भाग आहे.

मायक्रोफोनचं सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झ ठेवलं. हिमनदीजवळचं पाणी कमालीचं गोंगाटाचं असतं, जुन्या बर्फात दाबून बसलेले हवेचे बुडबुडे वितळताना फुटतात, तापल्या तेलात मोहरी तडतडते तसा सतत आवाज, पण तो वरच्या फ्रिक्वेन्सीत. कड्याचं कोसळणं खालच्या फ्रिक्वेन्सीत, काही शे हर्ट्झच्या आत. त्यामुळे ८ पुरतं, आणि दिवसाला १.४ जीबीच होतं म्हणजे ५१२ जीबीत पूर्ण वर्ष निघतं. मधूनमधून रेकॉर्ड करून कार्ड वाचवायचा पर्याय होता, मी नको म्हटलं, कडा काही आपल्या वेळापत्रकाने पडणार नाही.

१८ जुलै

कॅमेऱ्याजवळ उभे असताना मोठा तुकडा गेला. आधी कड्यावरून बारीक चुरा पडायला लागला, मग एक अख्खा मनोरा पुढे झुकला आणि उभाच्या उभा पाण्यात बसला. सगळं शांत. बारा सेकंदांनी आवाज आला, छातीत जाणवणारा, ४ किलोमीटरला आवाजाला तेवढा वेळ लागतोच. मग लाट आली ती त्याच्याही खूप नंतर, किनाऱ्यावरचे छोटे हिमखंड एकमेकांवर आपटत. चेन्नईचा सहकारी काही बोललाच नाही, मीही नाही. वेळ जीपीएसवरून लिहून ठेवली.

रात्री जेवणानंतर गावातल्या केबीएस भूकंप केंद्राचा डेटा उघडला, हे केंद्र जागतिक जाळ्यात आहे आणि डेटा सगळ्यांना खुला आहे. आमच्या लिहिलेल्या वेळेनंतर काही सेकंदांनी १ ते १० हर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट फुगवटा. पंधरा किलोमीटर लांबच्या केंद्राला बर्फ पडलेला कळतो! कंप मुख्यतः तुकडा पाण्यावर आपटतो आणि पाण्यात झालेली पोकळी मिटते त्यातून येतो. नॉर्वेच्या संशोधकांनी याच केंद्राच्या जुन्या रेकॉर्डमधून क्रोनेब्रीनची वर्षानुवर्षांची कोसळण्याची यादी काढली आहे. म्हणजे अंधारात, धुक्यात, कॅमेरा आंधळा असताना मोजत राहणारं उपकरण गावात आधीपासूनच बसलेलं आहे, त्याला आपल्या कॅमेऱ्याने आणि मायक्रोफोनने किती फुगवटा म्हणजे किती बर्फ हे शिकवायचं, बस.

२९ जुलै

आठवडाभर धुकं. कॅमेऱ्यात नुसता पांढरा चौकोन. काच पुसून आलो, पेटी कोरडी आहे, सिलिका बदललं.

आई फोनवर विचारत होती तिकडे अजून थंडी आहे का. २०२० च्या २५ जुलैला लाँगयिअरब्येनच्या विमानतळावर २१.७ अंश नोंदलं गेलंय हे सांगितल्यावर म्हणाली अगं मग आपल्या महाबळेश्वरसारखंच की. खरंच आहे. आणि २०१२ च्या जानेवारीअखेर इथे जोरदार पाऊस पडला होता, ध्रुवीय रात्रीत, तो जमिनीवर गोठून बर्फाची लादी झाली आणि रेनडिअरला खालचं खाद्य मिळेना. काँग्सफियॉर्डच्या मधल्या भागात २००६ नंतर पूर्वीसारखा घट्ट समुद्री बर्फ धरत नाही, आधी लोक त्यावरून स्नोमोबाईल चालवत होते.

८ ऑगस्ट

उद्या निघायचं. कॅमेऱ्याचं कार्ड बदललं, कंट्रोलर आणि जीपीएसचा फरक शून्य सेकंद. मेसमध्ये रोज एक टेबल रिकामं होतंय. पाण्याचं तापमान अजून वाढतच असणार आणि मला इथून जायचंय, हे दरवर्षी सगळ्यांचं होतं, तिकिटं आणि बोटीचे स्लॉट उन्हाळ्याला बांधलेले असतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, निदान ऑक्टोबरात एक छोटी टीम तरी. भारताने २०२३ च्या डिसेंबरपासून हिमाद्रीवर हिवाळी मोहीम सुरू केलीय म्हणजे स्टेशनवर माणूस राहू शकतो हे सिद्ध आहे. पुढच्या प्रस्तावात मागणार.

२३ सप्टेंबर, पुणे

हवामान केंद्राचं तापमान बहुतेक वेळ शून्याखाली. सोनिकचं अंतर स्थिर, म्हणजे वरून वितळणं थांबलं. आणि केबीएसच्या डेटावर मी लावलेला डिटेक्टर मात्र जुलैपेक्षा जास्त घटना धरतोय, हवा थंड आणि कडा जास्त पडतोय. आकडे आत्ताच लिहीत नाही, अजून खोट्या घटना गाळायच्या आहेत, पण कल त्या २०१५ च्या अभ्यासासारखाच आहे. दोरीवरचं तापमान हातात येईपर्यंत कारण म्हणून काही लिहिता येणार नाही.

खोट्या घटना म्हणजे काय काय, तर खरे भूकंप, लांबचे आणि जवळचे, त्यात आधी पोचणाऱ्या पी आणि मागून येणाऱ्या एस लाटा वेगळ्या ओळखू येतात. कड्याच्या कंपात सुरुवात हळू, टोकदार नाही, आणि लांबट. वादळात समुद्राच्या लाटांचा कंप, तो खालच्या फ्रिक्वेन्सीत. शिवाय गावातल्या गाड्या, त्या दिवसाच्या ठराविक वेळेला येतात म्हणून सापडतात.

१४ ऑक्टोबर

वारा शून्य आलाय. सकाळपासून सगळ्या वाचनांत बरोबर शून्य, आणि दिशा पण एकाच अंशावर खिळलेली, त्याच वेळी दाब भराभर उतरतोय. खरा शांत वारा असता तर दिशा थोडी तरी भरकटली असती. पंख्यावर बर्फ धरलाय. नियम असा लिहिला की वेग शून्य आणि दिशेतला बदलही शून्य असं सलग काही तास दिसलं तर वाचन बाद, आकडा मिटवायचा नाही, नुसती खूण करायची. सोनिकच्या वाचनात उड्या दिसतात, उडणारा बर्फ मध्ये येतो तेव्हा. त्यालाही खूण.

बॅटरी १२.७ व्होल्ट, पॅनल आता काही देत नाहीये.

३० ऑक्टोबर

सूर्य गेला. कंट्रोलरचं शेवटचं पॅकेट आलं, त्याने ठरल्याप्रमाणे कॅमेरा बंद केला. कार्डात जागा शिल्लक आहे.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी सरांसोबत बसून पहिली एकत्र यादी पाहिली. जुलै-ऑगस्टमधल्या हाताने आणलेल्या कार्डातल्या फोटोंतून मोजलेले तुकडे एका बाजूला, केबीएसचे फुगवटे दुसऱ्या बाजूला. मोठे तुकडे जवळपास सगळे जुळतात. लहान तुकडे कंपात बुडतात, ते मायक्रोफोनमधूनच येतील आणि मायक्रोफोन पाण्यात आहे. दोन ठिकाणी फोटोत काही पडलेलं दिसत नाही पण कंप चांगला मोठा आहे, आणि पुढच्या फोटोत समोरच्या पाण्यात नवा निळा, गुळगुळीत हिमखंड. पाण्याखालून सुटून वर आलेला असणार, घासलेला निळा रंग तेच सांगतो. सरांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या दोन फोटोंवर मागे-पुढे करत राहिले आणि म्हणाले यांची वेगळी यादी कर.

केली. कॉलम: वेळ, कंपाची लांबी, भरती की ओहोटी, वारा, खुणा केलेली वाचनं. पाण्याच्या तापमानाचा कॉलम रिकामा ठेवलाय.

एप्रिलच्या फेरीत न्यायचं: वाऱ्याच्या सेन्सरचा दुसरा प्रकार, हलणारे भाग नसलेला, तुलनेसाठी एकच. तिपाईच्या पायांना रुंद पट्ट्या. पॉलियुरेथेन केबल आणखी ३० मीटर. मायक्रोफोनसाठी नवा बॅटरी पॅक जुलैसाठी आत्ताच ऑर्डर करायचा, समुद्रमार्गे पाठवायचा म्हणजे मार्चच्या आत मुंबईला पोचला पाहिजे. ऑक्टोबर टीमचा प्रस्ताव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याला.